सोपाऱ्याचा दगड आणि मुरमाची वाट

अशोकाच्या शिलालेखांचे दोन तुकडे वसई तालुक्यात सापडले. पहिला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यात मिळाला, दुसरा १९५६ साली भुईगावात. चौदा लेखांच्या मालिकेतला एक आठवा, दुसरा नववा. बाकीचे बारा कुणाच्या जोत्यात, कुठल्या विहिरीच्या काठात गेले असतील ते असोत. जे दोन हाती लागले त्यांत एक गमतीचा योगायोग आहे. आठवा लेख सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, शिकार करीत, मौज करीत. प्रियदर्शी राजा, म्हणजे स्वतः अशोक, मात्र अभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तिथून त्याची धर्मयात्रा सुरू झाली. नवव्या लेखात लोक कोणत्या प्रसंगी मंगलविधी करतात त्याची यादी आहे: आजारपण, लग्न, मूल होणे आणि प्रवासाला निघणे. थोडक्यात, माणूस घराबाहेर पडताना काय करतो आणि बाहेर पडल्यावर काय करतो, हे दोन्ही प्रश्न वसईच्या मातीने राखून ठेवले. सोपाऱ्याच्या तुकड्यावर मोजकीच अक्षरे उरली आहेत. पूर्ण मजकुरासाठी गिरनारच्या खडकाकडे जावे लागते. तुकडा स्वतः मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे.

विरार पूर्वेचा फुलपाडा सोपाऱ्यापासून सायकलने हाकेच्या अंतरावर. पाडा आता नावातच उरला आहे. भोवती इमारती, चाळी, रिक्षांची रांग, आणि मागे पापडखिंडीचे धरण व जीवदानीचा डोंगर. वसई-विरारचे हौशी सायकलस्वार सुट्टीच्या पहाटे अशाच वस्त्यांतून निघतात, महामार्ग ओलांडून शिरसाड फाट्याला वळतात आणि पारोळ, उसगाव करीत वज्रेश्वरी गाठतात. विरार स्थानकापासून हे अंतर तीस-एकतीस किलोमीटर. कुणी तुंगारेश्वरच्या अभयारण्यातला कच्चा रस्ता धरतो. त्यातले रसिक डांबर सोडून मुरमाला लागतात, कारण डांबरावर डंपर आहेत आणि मुरमावर शांतता. जगभर याला ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात आणि त्याची पंढरी समजली जाते फ्रान्सचा ग्रामीण भाग: पांढुरक्या खडीच्या शेतवाटा, तासन्‌तास एकही मोटार नाही, अधूनमधून चर्चचा मनोरा. या वाटांबद्दल बोलताना लोकांच्या तोंडी हटकून धर्माची भाषा येते. सायकल हेच माझे ध्यान, ही वाट हेच माझे मंदिर, असे फ्रान्समध्ये म्हणतात आणि विरारमध्येही म्हणतात. ते खरे आहे का, हा प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. निवांत वाटेवरचा एकट्याचा प्रवास, ज्याच्या टोकाला देव असेलच असे नाही, त्याला धर्मयात्रा म्हणता येईल का? माझे म्हणणे असे की म्हणता येईल. पण ज्या कारणांसाठी सहसा म्हटले जाते, म्हणजे कष्ट, एकांत आणि शांतता, त्यांतले एकही कारण टिकत नाही. टिकते ते वेगळेच, आणि ते आठव्या लेखात आहे.

आधी कष्टांचे पाहू. घाम गाळला की पुण्य, हा समज आपल्याकडे जुना आहे. जीवदानीला तेराशेवर पायऱ्या आहेत आणि डोंगर चढायला यंत्राची सोयही आहे. पायऱ्या चढणारा धापा टाकत वर पोचतो, गुडघे गेलेली आजी बसून पोचते. आजीचे दर्शन कमी प्रतीचे असे देवळातला पुजारीही म्हणणार नाही. भक्तिमार्गाने घामाचे माप कधी ठेवले नाही. ते माप ठेवले व्यायामशाळेने, आणि आता मोबाइलमधल्या अ‍ॅपने. किती किलोमीटर, किती चढ, नाडीचे ठोके किती, आणि शेजाऱ्यापेक्षा किती मिनिटे आधी. फ्रान्समध्ये सायकलप्रवासाचा आद्य प्रचारक म्हणून ज्याला मान आहे त्या पॉल दि विव्ही ऊर्फ व्हेलोसियोने (१८५३–१९३०) सायकलस्वारांसाठी सात आज्ञा लिहून ठेवल्या. पहिल्या सहा खाणेपिणे, विश्रांती असल्या व्यवहाराच्या आहेत. सातवी मात्र एकदम जात बदलते: निव्वळ अहंकारापोटी पेडल मारू नका, असा तिचा आशय. सेंट एतिएनसारख्या कारखान्यांच्या शहरात राहणाऱ्या या माणसाला कळले होते की शरीराचे कष्ट आपोआप माणसाला नम्र करीत नाहीत, उलट ते मिरवायची फार सोय करतात. कष्ट ही धर्माची खूण धरली तर सगळ्यांत मोठा धार्मिक सोहळा टूर द फ्रान्स ठरेल.

कष्टांनी नाही, तर मग एकत्र चालण्याने? वारीची आठवण इथे होणारच, आणि नाशिकसह अनेक गावांचे सायकलस्वार आता पंढरपूरची सायकलवारी करतातही. वारीत वाट हीच उपासना आहे, हे कुणी नाकारणार नाही. कळसाचे दर्शन घेऊन परतणाऱ्याची वारी पुरी झाली असेच आपण मानतो. पण इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’मधला ‘वाटचाल’ हा लेख ज्यांनी वाचला आहे त्यांना आठवत असेल की एका वाटेने, एका नामाने चालणाऱ्या बायका जेवायला मात्र जातवार वेगळ्या बसत होत्या, आणि हे इरावतीबाईंना किती लागले होते. पाय एका लयीत पडले म्हणून पंगत एक होत नाही. वारीवरचा हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याने माझी बाजू दुबळी होत नाही. वाट स्वतः होऊन काही करीत नाही, इतकेच त्यातून निघते. वाटेवर माणूस दुसऱ्याशी कसा वागतो, तिथे पाहायला हवे.

आता शांतता. हा मुद्दा खरा नाजूक, कारण सायकलस्वाराला मुरमाकडे खेचते ती शांतताच, आणि एकांताला आपल्या परंपरेत मान आहे. परंतु शांतता कशी तयार झाली हे विचारल्याशिवाय तिला पवित्र म्हणणे मला पटत नाही. फ्रान्सच्या नकाशावर ईशान्येच्या म्यूज खोऱ्यापासून नैर्ऋत्येच्या लांद प्रांतापर्यंत एक तिरका पट्टा आहे; भूगोलाचे अभ्यासक त्याला ओसाडीची तिरकी रेघ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. एकोणिसाव्या शतकापासून माणसे कामासाठी शहरांकडे गेली. पहिल्या महायुद्धात तेरा-चौदा लाख फ्रेंच सैनिक गेले, आणि त्यांत शेतकऱ्यांची पोरे मोठ्या संख्येने होती. जवळजवळ प्रत्येक गावात दगडी स्मारक आहे. दहा-वीस उंबऱ्यांच्या गावातही एकाच आडनावाची तीन-तीन नावे एकाखाली एक कोरलेली दिसतात. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतीची फेरजुळणी झाली, बांधावरची कुंपणे उपटली, लहान खाचरे मोठ्या तुकड्यांत गेली, ट्रॅक्टर आला. ले प्वी गावाहून निघून सांतियागोकडे जाणारा जुना यात्रामार्ग लोझेर जिल्ह्यातून जातो. मुख्य भूमीवरच्या फ्रान्समधला तो सगळ्यांत कमी लोकसंख्येचा जिल्हा. तिथल्या वाटेवर मोटार दिसत नाही, कारण मोटार चालवायला माणूसच उरलेला नाही. शांतता म्हणून जी अनुभवली जाते ती निघून गेलेल्यांची मोकळी जागा आहे.

आपल्याकडची गोष्ट वेगळी असली तरी जातकुळी तीच. पारोळ, मांडवी, भाताणे या पट्ट्यातल्या पाड्यांवर वारली, मल्हार कोळी, कातकरी राहतात. भातकापणी झाली, दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे आगाऊ उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. हिवाळ्यात, म्हणजे सायकलस्वारांच्या नेमक्या हंगामात, कुडाच्या घराला बाहेरून कडी, ओट्यावर एखादी म्हातारी, अंगणात दोरीवर काही नाही, असे दृश्य दिसते आणि मुरमावरच्या टायरचा करकर आवाज स्वच्छ ऐकू येतो. त्या आवाजाची निर्मळता त्या कडीतून आली आहे. ही वाट एकेकाळी आजच्याहून वाईट कारणांनी गप्प होती. १९७६ मध्ये वेठबिगारी रद्द करणारा कायदा झाला, तरी या भागातल्या वाड्यांवर आणि शेतांवर आदिवासी कुटुंबे कर्जापायी राबतच होती. त्यांच्या सुटकेसाठी विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली श्रमजीवी संघटना १९८२ सालची, आणि तिचे ठाणे उसगावलाच, वज्रेश्वरीच्या रस्त्यावर. अशोकाचा नववा लेख इथे पुन्हा उघडावा. प्रवासाला निघताना लोक नाना क्षुल्लक विधी करतात, असे म्हणून (आणि जाता जाता त्याबद्दल बायकांना विशेष बोल लावून, जे तो टाळू शकला असता) तो खरे फळ देणारा मंगलविधी कोणता ते सांगतो. त्यात पहिलेच नाव येते दास आणि नोकरांशी नीट वागण्याचे. भुईगावच्या दगडाचा हा विषय उसगावला विसाव्या शतकाच्या अखेरीसही शिळा झाला नव्हता.

मग धर्मयात्रेची खूण कोणती? आठव्या लेखात ती अगदी कामकाजाच्या यादीसारखी दिली आहे. श्रमण-ब्राह्मणांना भेटणे व देणे, वृद्धांना भेटणे व देणे, जनपदातल्या लोकांना भेटणे, त्यांना धर्म सांगणे आणि धर्माविषयी विचारपूस करणे. या यादीत एकाही स्थळाचे नाव नाही. बोधगया ही सुरुवात. त्यानंतर यात्रा कुठे गेली हे राजाला नोंदवावेसे वाटत नाही, कुणाला भेटली एवढेच वाटते. दुसरे, यात जनपद हा शब्द आहे: नगराबाहेरचा मुलूख आणि तिथली माणसे. तिसरे, लेखाच्या शेवटी राजा कबूल करतो की यात त्याला अधिक आनंद मिळतो. विहारयात्रेत पाप होते म्हणून ती सोडली, असा तक्रारीचा सूर नाही; यात गोडी जास्त आहे, असे सांगणे आहे. म्हणून सायकलस्वाराने मौजेबद्दल शरमून जाण्याचे कारण नाही. मौज आणि धर्म यांची फारकत निदान सोपाऱ्याच्या दगडाने केलेली नाही. त्याने केलेली विभागणी अशी: एका यात्रेत वाटेवरचे प्राणी आणि माणसे आपल्या करमणुकीचे साहित्य असतात, दुसरीत आपण त्यांच्या दाराशी जातो आणि विचारतो.

विचारणे आणि मागणे, या दोन क्रियांभोवती आपल्याकडच्या सगळ्या भटक्या धर्मांची घडण झालेली दिसते. सोपाऱ्याचा स्तूप भगवानलालांनी त्याच १८८२ साली उकरला तेव्हा आतल्या करंडकांमध्ये मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे निघाले. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत असे त्यांचे मत होते. खरोखर असोत वा नसोत, स्तूप बांधणाऱ्यांनी सोन्याच्या डबीत जपायला भिक्षापात्र निवडले ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. चारिका, म्हणजे गावोगाव भटकंती, करणारा भिक्षू कितीही एकांतप्रिय असला तरी रोज सकाळी त्याला कुणाच्या तरी दारात उभे राहावे लागे. साठवण करायची नाही, शिजवायचे नाही. म्हणजे गाव टाळून पुढे जायची सोयच नाही. आणि पावसाळ्यात फिरणे बंद, कारण भिक्षू कोवळे गवत आणि जीवजंतू तुडवतात अशी लोकांनीच तक्रार केली होती, असे विनयपिटकात नमूद आहे. लोक कुरकुरले आणि बुद्धाने नियम केला. एकांताची हद्द अशी वाटेवरच्यांनी आखून दिली. महानुभावांनी नित्याटन सांगितले, सतत फिरत राहा, एका जागी रमू नका. पण त्याच्या जोडीला भिक्षाही सांगितली. विनोबा १९५१ च्या एप्रिलमध्ये पोचमपल्लीला पोचले आणि पुढची तेरा-चौदा वर्षे चालत राहिले, तेही रोज नव्या गावात जाऊन मागण्यासाठीच. भूदानाचे काय झाले, मिळालेल्या जमिनींतल्या कसण्याजोग्या किती, हा वाद स्वतंत्र आहे. चालण्याचे स्वरूप मात्र मागण्याने ठरले होते.

या मापाने आजचा सायकलस्वार पाहिला की अडचण कुठे आहे ते दिसते. त्याच्या सायकलच्या दांड्याला दोन बाटल्या, खिशात खजूर आणि चिक्की, पिशवीत जादा ट्यूब, हँडलवर नकाशा दाखवणारे यंत्र. त्याला वाट विचारायची नाही, पाणी मागायचे नाही, पंक्चर काढून घ्यायचे नाही. हे सारे शहाणपणाचेच आहे. पण तो पन्नास किलोमीटर जनपदातून जाऊन एकाही माणसाचा मिंधा न होता घरी येऊ शकतो, आणि हेच त्याला अभिमानाने सांगावेसे वाटते. गंमत अशी की त्या बाटलीतले थोडे पाणी याच वाटेवरचे असू शकते. वसई-विरारच्या नळांना पाणी येते ते मुख्यतः सूर्या आणि शिवाय उसगाव, पेल्हार इथून. उसगावचे पाणी बाटलीत भरून उसगाववरून जाणारा माणूस स्वयंपूर्ण आहे, ही समजूत फक्त त्याची.

यावर एक जोरदार हरकत येईल, आणि ती यायलाच हवी. अशोक राजा होता. त्याचे जनपदातल्यांना भेटणे म्हणजे दौराच. सोबत लवाजमा, हातात दान, तोंडात उपदेश. शहरातला खातापिता माणूस चौदा-पंधरा गिअरांची सायकल घेऊन पाड्यावर उतरतो आणि विचारपूस करतो, तेव्हा तोही छोटा अशोकच होतो. गरिबांच्या ओट्यावर बसून फोटो काढण्यापेक्षा गुपचूप निघून जाणे जास्त सभ्य नाही का? फोटोपुरते हे म्हणणे मी पूर्ण मान्य करतो, आणि अशोकाच्या यादीतले उपदेशाचे कलम आपण खुशाल गाळावे असेही म्हणतो. उरलेल्याबाबत उत्तर असे की सोय उलटी लावता येते. राजाला मागण्याची मुभा नव्हती, सायकलस्वाराला आहे. मोटारीत बसलेला माणूस काच खाली करतो तेव्हा तो वरूनच बोलतो. सायकलवरचा माणूस घामेजलेला असतो, त्याचे पाय जमिनीवर असतात, कुत्रे त्याच्यावर भुंकते आणि ते आवरायला त्याला घरमालकिणीचीच मदत लागते. चहाच्या टपरीवर तो पैसे देऊन चहा पितो आणि ‘एवढी महाग सायकल, मग मोटारसायकल का नाही घेतली?’ या प्रश्नाला त्याच्याकडे धड उत्तर नसते. त्याची विचारपूस होते. धर्मयात्रेला तेवढा नम्रपणा पुष्कळ झाला.

दुसरी हरकत धार्मिकांची: हे सगळे ठीक, पण देव कुठे आहे? देवाशिवाय यात्रा म्हणजे सहलच. फ्रान्समध्ये या हरकतीला एक गोड उत्तर दिले गेले. लांद प्रांतातल्या लाबास्तिद दार्मान्याक गावाजवळचे एक जुने पडीक चॅपल तिथल्या जोसेफ मासी नावाच्या धर्मगुरूने १९५९ साली सायकलस्वारांच्या मेरीमातेला वाहिले. आत भिंतींवर नामांकित स्पर्धकांच्या जर्सी टांगलेल्या आहेत. ओसाडीच्या रेघेच्या शेवटी, निवांत वाटांच्या प्रदेशात, सायकलवाल्यांना हक्काचे तीर्थ मिळाले. पण तीर्थ मिळाले म्हणून प्रवासाचा पोत बदलतो का? आपल्या वज्रेश्वरीचेच पाहा. चिमाजी अप्पांनी वसईच्या स्वारीच्या वेळी नवस केला, १७३९ मध्ये किल्ला पडला, आणि पुढे किल्ल्यासारख्याच तटबंदीचे देऊळ उभे राहिले. मोहीम देवीच्या नावाने झाली म्हणून ती तीर्थयात्रा होत नाही. इतिहासात ती लढाईच राहते. रविवारचा सायकलस्वार देवळाबाहेर सायकल टेकवून हात जोडतो, त्यात गैर काही नाही, आणि गणेशपुरीला नित्यानंदांच्या समाधीवर डोके टेकतो त्यातही नाही. मात्र त्या दोन मिनिटांनी आधीच्या दोन तासांचा हिशेब चुकता होत नाही. ते दोन तास त्याने रस्त्यावरच्या माणसांना अडथळा समजून घंटी वाजवीत काढले असतील तर ती विहारयात्रा, हरणाऐवजी मिनिटांची शिकार करणारी.

देव नाकारण्याचा हा प्रकार नव्हे. पंढरीची वाट ज्यांनी घडवली त्यांनीच देवाला विटेवर उभे केले आणि भक्ताला सेवेतून उठवले नाही. घरच्यांची सेवा आधी आणि देव दारात ताटकळलेला, ही पुंडलिकाची गोष्ट आपल्या यात्रेच्या मुळाशीच बसली आहे. तीर्थाच्या टोकाला कोण आहे याची काळजी देवाने करावी. वाटेवर कोण आहे याची काळजी वाटसरूकडे येते, आणि मुरमाच्या निवांत वाटेचे मोल मला इथे दिसते: महामार्गावर कुणाशी बोलण्याइतका वेग कमी करताच येत नाही, मुरमावर येतो. शांततेचा उपयोग ऐकण्यासाठी आहे. तुंगारेश्वरच्या रानात ओढ्याच्या उतारावर मोळी घेऊन येणारी बाई दिसली की आधी उतरून वाट तिने घ्यायची, चाक बाजूला आपण घ्यायचे. लावणीच्या दिवसांत बांधावर सायकल घालायची नाही, बांध लिंपलेला असतो. पाणंद म्हणजे खेळाची धावपट्टी नव्हे, कुणाच्या तरी शेतात जायचा एकुलता एक रस्ता आहे. भिक्षूंना हे लोकांनी कुरकुरून शिकवले होते. आपल्याला कुरकुर ऐकू यावी इतके तरी थांबावे लागेल.

वज्रेश्वरीच्या रस्त्याला लागणाऱ्यांना एक सुचवतो. दिवाळीनंतर निघाल तेव्हा एक बाटली घरीच ठेवा, पारोळच्या पुढे कुठेतरी पाणी मागून प्या. मार्चनंतर मात्र दोन्ही भरून न्या. त्या दिवसांत पाड्यावर पाणी मागायचे नसते.